१४९ रुपयांचं फळ २३२ रुपयांना कसं पडलं? कोथरूडमधल्या एका घराचा अ‍ॅव्होकाडोचा हिशेब

समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी हिशेबाची वही ठेवतात. दूध, पेपर, इस्त्री, गॅस, सगळं त्यात असतं. मार्चच्या पहिल्या रविवारी त्या वही घेऊनच आमच्याकडे आल्या. "भाऊजी, तुम्ही फळांच्या धंद्यात होतात ना? मग हे बघा जरा." फेब्रुवारीच्या पानावर एका ओळीखाली लाल पेनाची रेघ होती : अ‍ॅव्होकाडो, १४ नग, २,०८६ रुपये. वरच्या ओळीतली केळी, पपई आणि संत्री मिळून महिनाभराची तेराशेच्या आत बसली होती.

धंद्यात म्हणजे काय, तर एका दुकानसाखळीच्या फळभाज्या-खरेदीत मी सहा वर्षं नोकरी केली. पहाटे गाळ्यावर जाऊन पेट्या फोडून बघायच्या, माल पसंत करायचा आणि रात्री दुकानातून किती फेकला त्याचे आकडे भरायचे. त्यातला फेकण्याचा भाग इथे फार उपयोगी पडला.

घर चौघांचं. वहिनी, दादा, कॉलेजातली लेक आणि आजी, म्हणजे वहिनींच्या सासूबाई. फळ मुळात लेकीसाठी येऊ लागलं. ती जिमला जायला लागली तेव्हापासून सकाळी टोस्टवर तेच. पुढे आजींनाही ते आवडलं, कारण दात नाहीत आणि लोण्यासारखं मऊ काही रोज मिळत नाही. त्यामुळे 'आणायचंच नाही' हा सरळ उपाय पहिल्याच बैठकीत बाद झाला. दादांनी तो मांडला होता, पण त्यांना कोणी मोजलं नाही. खायचं तेवढंच, पण कमी पैशांत, एवढं ठरलं.

आधी ओला कचरा

मी भाव विचारलाच नाही. किती टाकली, ते विचारलं. वहीत ती नोंद नव्हती, कारण टाकलेल्या वस्तूचा हिशेब कोणी लिहीत नाही. पण लेकीला सगळं आठवत होतं. चार फळं अख्खी गेली आणि दोन अर्धी. म्हणजे पाच फळं ओल्या कचऱ्यात. चौदा विकत घेतली आणि नऊ खाल्ली. लेबलावर भाव १४९, पण २,०८६ ला नऊनं भागलं की पोटात गेलेलं फळ २३२ रुपयांचं होतं.

मग स्वयंपाकघरातला काटा काढला. दोनशे ग्रॅमचं एक फळ कापून तोललं : गर १३६ ग्रॅम, बी ३४, साल ३०. खरा भाव फळाचा नसतो, गराचा असतो. दुकानाच्या भावानं, काहीही वाया न जाता, शंभर ग्रॅम गर ११० रुपयांना पडायला हवा होता. प्रत्यक्षात पडला १७० ला. दुसरं दुकान शोधून फळामागे वीस-तीस रुपये वाचले असते, पण फळामागे त्र्याऐंशी रुपये तर डब्यात जात होते.

आता ती पाच फळं का गेली, यावर थोडं थांबतो, कारण बहुतेक घरांत नेमकं हेच होतं.

आंब्याला झाडावर पाड लागतो. अ‍ॅव्होकाडोला लागत नाही. ते झाडावर पूर्ण वाढतं, तेल धरतं, पण पिकायला सुरुवात करतं ते तोडल्यावरच. म्हणून बागायतदार ते काही आठवडे, कधी काही महिनेही, झाडावरच राखून ठेवू शकतो आणि भाव बघून तोडतो. तोडल्यावर थंडीत ठेवलं की पिकणं लांबतं. उबेत आणलं की फळ स्वतः इथिलीन वायू सोडतं आणि पिकत जातं. दुकानात आपल्याला दिसतं ते या वाटेवरचं कुठलं तरी एक स्थानक असतं. कडक फळ पाच दिवस मागे असतं, मऊ फळ आजचं असतं आणि फार मऊ फळ कालचं.

वहिनी शनिवारी जायच्या आणि एकदम तीन-चार घ्यायच्या. हाताला मऊ लागतील तीच घ्यायच्या, कारण 'कच्चं कशाला आणायचं?' मऊ फळं चारही एकाच दिवशी तयार व्हायची. लेक रोज अर्धं खाते, आजी दोन चमचे. तिसऱ्या दिवशी उरलेल्यांचा गर करडा. शिवाय मऊ फळ म्हणजे वहिनींच्या आधी सात-आठ जणांनी अंगठा दाबून बघितलेलं फळ. तो दाब वरून कळत नाही, पण आत अंगठ्याएवढाच तपकिरी डाग उमटतो. दुकानात उभा असताना मी हे रोज बघत असे. माणसं केळ्याला हात लावताना जपतात, पण या फळावर सगळे डॉक्टर होतात.

देठाची छोटी टोपी नखानं उचकटून आत हिरवं आहे का बघायची युक्तीही चालू आहे. ती करू नका. टोपी गेली की तिथूनच बुरशी शिरते आणि ते फळ तुम्ही परत टोपलीत टाकलंत तर पुढच्याचं नुकसान. तळहातात घेऊन देठाशी चार बोटांनी हलकेच दाबलं की पुरतं.

एका रविवारचे भाव

पुढच्या रविवारी वहिनी, लेक आणि मी असे तिघं निघालो. बरोबर छोटा वजनकाटा. लेकीला आधी त्याची लाज वाटली, मग तीच पुढे झाली.

नेहमीच्या मोठ्या दुकानात भाव नगावर होता, १४९ रुपये, टोपलीतल्या कुठल्याही फळाला. दुकानाच्याच भाजीच्या काट्यावर आम्ही बारा फळं तोलली. सगळ्यांत हलकं १७१ ग्रॅम, सगळ्यांत जड २२६. भाव तोच. म्हणजे एक माणूस किलोला ८७१ च्या भावानं नेत होता आणि शेजारचा ६५९ च्या. दोन मिनिटं काट्यापाशी घालवली तर पावकिंमत सुटते. माझ्या नोकरीच्या काळात असं करणारी गिऱ्हाइकं मला कटकटी वाटायची, हे कबूल करतो.

त्याच दुकानात जाळीत बांधलेली दोन फळं २४९ ला होती, वर 'बचत' लिहिलेलं. पाकिटावरचं वजन ३४० ग्रॅम. किलोला ७३२. लहान फळं एकत्र बांधली की स्वस्त दिसतात. फरक असा, की ती दोन्ही एकाच टोपलीतून आलेली, म्हणून एकाच दिवशी पिकणारी, आणि जाळीतून दाबून बघता येत नाही.

फोनवरून दहा मिनिटांत येणाऱ्या मालाचं वर्णन '१ नग, १६० ते २०० ग्रॅम' असं होतं, १२९ रुपये. आलं ते १६२ ग्रॅमचं. किलोला ७९६. वजनाची वरची बाजू त्या वर्णनात कशासाठी असते, कोण जाणे. शिवाय तिथे फळ तुम्ही निवडत नाही, आणि दगड येणार की लोणी, हे दार उघडल्यावर कळतं.

कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे नगाला १३०. पण तो सरळ बोलला : "कधी खायचंय सांगा, त्या दिवसाचं देतो." त्यानं परवासाठी दिलेलं फळ परवाच तयार झालं. हे कौशल्य काट्यावर दिसत नाही, तरी त्याची किंमत आहे. एखाद-दुसरंच फळ हवं असेल तर मी आजही त्याच्याकडेच जाईन.

फळावरचा छोटा स्टिकरही लेकीला दाखवला. ४०४६ म्हणजे हास जातीचं लहान आकाराचं फळ, ४२२५ म्हणजे मोठं. हे आकडे जगभर बहुतेक तेच असतात. लहान-मोठं एकाच टोपलीत, एकाच भावात मिसळलेलं असेल तेव्हा स्टिकर वाचणारा जिंकतो.

हास, किंवा हॅस, हे खरं तर एका पोस्टमनचं आडनाव. कॅलिफोर्नियात ला हाब्रा हाइट्सला रुडॉल्फ हॅस नावाच्या पोस्टमननं लावलेल्या रोपाला हे खडबडीत सालीचं फळ लागलं आणि १९३५ मध्ये त्यानं त्याचं पेटंट घेतलं. मूळ झाड २००२ मध्ये वाळलं, पण जगातलं प्रत्येक हास त्याच्याच कलमाचं वंशज आहे. आपल्या हापुसासारखंच, कलमाशिवाय खात्री नाही. म्हणून टांझानियाचं असो की पेरू देशाचं, हास ओळखीचं लागतं : साल जाड, पिकलं की हिरव्याची जांभळट काळी होते, गर घट्ट. जाड साल प्रवासाला चांगली, आणि पिकणं रंगावरून कळतं. शेवटच्या या गुणानंच वहिनींचा घात केला होता, ते पुढे येईलच.

स्वस्त पेटी, महाग धडा

नगाचा भाव बराच खाली आणायचा तर पेटीच घ्यायला हवी, हे मला आधीपासून माहीत होतं. बाहेरून येणारं हास चार किलोच्या पुठ्ठ्याच्या पेटीत येतं आणि पेटीच्या बाजूवर एक आकडा असतो : १६, १८, २०, २२, २४. पेटीत तितकी फळं. १६ ची पेटी म्हणजे फळ अडीचशे ग्रॅमचं, २० ची म्हणजे दोनशेचं, २४ ची म्हणजे एकशे पासष्टच्या आसपास. आडत्याशी बोलताना हा आकडाच बोलतात. 'बावीसचा काय भाव?' असं विचारलं की समोरच्याला कळतं, माणूस अगदीच नवखा नाही.

एप्रिलच्या एका रविवारी पहाटे मी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलो. जुन्या ओळखीच्या गाळ्यावर बावीसच्या पेटीचा भाव १,७०० सांगितला. शेजारी तसलीच पेटी १,१०० ला. गाळेवाला म्हणाला, "दादा, माल आजचा आहे. उद्याचा नाही." मी ऐकलं आणि तरी घेतली. सहा वर्षं दुसऱ्यांच्या पैशांनी खरेदी केलेला माणूस स्वतःच्या सहाशे रुपयांवर कसा घसरतो, त्याचं हे उदाहरण. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच आकडा घोळत होता : पन्नास रुपयांना एक!

दोन घरांत अकरा-अकरा वाटली. सोमवारी रात्रीपर्यंत बावीसच्या बावीस मऊ. तीन दिवसांत आम्ही सगळ्यांनी मिळून नऊ संपवली. त्यात माझ्या मुलानं सलग दोन सकाळी खाऊन तिसऱ्या दिवशी पोहे मागितले. पाच टाकली. आठांचा गर लिंबू पिळून कुस्करला आणि डब्यांत भरून फ्रीझरला लावला. गोठवलेला गर सुटल्यावर पाणी सोडतो, टोस्टवर लावण्याजोगा राहत नाही. शेकमध्ये किंवा पराठ्याच्या कणकेत तेलाच्या जागी चालतो. त्यातले तीन डबे जूनमध्ये सापडले, त्यांचं काय झालं ते विचारू नका.

या पेटीचा दोष पेटीचा नव्हता, आडत्याचाही नाही. पिकलेला माल त्या रात्री पाहुणे असलेल्या हॉटेलवाल्यासाठी उत्तम होता. दोन चौकोनी कुटुंबांसाठी नाही.

दुसऱ्या वेळी रीत बदलली. कडक, हिरवी, बावीसची पेटी १,७०० ला आणि जाण्यायेण्याचे शंभर. १,८०० रुपये. आता घरं पाच : आमच्याच मजल्यावरची दोन आणि खालच्या मजल्यावरची तीन. प्रत्येकी चार फळं, घराला ३६० रुपये, म्हणजे नगाला ९०. उरलेली दोन माझ्याकडे राखीव, ज्याचं फळ आत खराब निघेल त्याला बदलून द्यायला. हा राखीव जोडीचा नियम वहिनींनी सुचवला, आणि तो नसता तर भिशीसारखी ही व्यवस्था पहिल्याच महिन्यात भांडणात मोडली असती. दोन घरांत प्रत्येकी एक फळ कापल्यावर गरात काळ्या शिरा निघाल्या. कच्चं फळ वाटेत जास्त दिवस किंवा जास्त थंडीत राहिलं की असं होतं. बदलून दिलं, विषय संपला.

नव्वदच्या फळात, सरासरी १८२ ग्रॅम वजनात, १२४ ग्रॅम गर. शंभर ग्रॅमला ७३ रुपये. मोठ्या दुकानाच्या ११० पेक्षा कमी आणि फेब्रुवारीच्या १७० च्या निम्म्याहूनही खाली.

पण चार कडक फळं एकदम पिकू नयेत हे साधायचं होतंच. आम्ही असं केलं : दोन बाहेर, दोन फ्रिजच्या खालच्या खणात. बाहेरची संपत आली की आतली काढायची. कच्चं फळ फ्रिजमध्ये आठवड्याहून जास्त ठेवत नाही, नाहीतर नंतर ते नीट पिकत नाही आणि गर करडा होतो. पिकलेलं मात्र तीन-चार दिवस फ्रिजमध्ये खुशाल राहतं. लवकर हवं असेल तर कागदी पिशवीत पिकल्या केळ्याबरोबर. आंब्याची आढी लावणाऱ्या आजींना हे समजावावं लागलं नाही, त्यांनी स्वतःच फळं तांदळाच्या डब्यात पुरली होती.

एप्रिल-मेचा पुण्यातला उन्हाळा मात्र आढीच्या शहाणपणाच्या पलीकडे गेला. तीस अंशांच्या वर अ‍ॅव्होकाडो धड पिकत नाही. बाहेरून सुरकुततं, आत रबरासारखं राहतं आणि देठाकडून सडायला लागतं. दुपारी स्वयंपाकघरात छत्तीस अंश होते. यावर आजींनी काढलेला तोडगा मी सहा वर्षांत ऐकला नव्हता : फळं माठाच्या तिवईखाली, ओल्या फडक्याच्या शेजारी, पण फडक्याला न चिकटवता. तिथे थर्मामीटर तापमान अठ्ठावीसच्या आसपास दाखवत होता. पूर्ण चार दिवसांत फळ एकसारखं मऊ झालं.

कापून उरलेल्या अर्ध्याचं काय, याचंही एक प्रकरण झालं. लेकीनं एक रील दाखवली : फळ पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, महिनाभर ताजं राहतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ मध्ये असं करू नका म्हणून सांगितलं होतं, कारण सालीवरचे जंतू पाण्यात राहतात, वाढतात आणि गरापर्यंत पोचू शकतात. त्यापेक्षा बी असलेला अर्धा भाग ठेवावा, उघड्या गरावर लिंबाचे दोन थेंब चोळावेत आणि वाटी घट्ट झाकावी. बीमध्ये काही जादू नाही, बीखालच्या गराला हवा लागत नाही इतकंच. वरचा पातळ तपकिरी पापुद्रा चमच्यानं काढला की खाली गर हिरवा असतो. वहिनी हा पापुद्रा बघूनच फळ टाकत असत. फेब्रुवारीतल्या दोन 'अर्ध्यां'चं कारण तेच होतं.

न पिकलेलं फळ

जुलैत कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे गुळगुळीत सालीची, पोपटी, लांबट मानेची मोठी फळं दिसू लागली. 'बटर फ्रूट, किलो २००.' मी घेतली. वहिनींनी नाक मुरडलं. "गेल्या पावसाळ्यात आणलं होतं. पिकतच नाही ते. आठ दिवस ठेवलं, हिरवंच. शेवटी कुजलं."

इथे मला सगळा उलगडा झाला. वहिनी आठ दिवस ते काळं व्हायची वाट बघत बसल्या होत्या! हास काळं होतं म्हणून अ‍ॅव्होकाडो काळं होतं, असा त्यांचा समज. पण ही फळं हास नव्हेत. बरीचशी पिकली तरी हिरवीच राहतात. ते फळ बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशीच तयार झालं होतं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सडलं. एका चुकीच्या खुणेपायी त्यांनी वर्षभर सगळ्यांत स्वस्त फळाला दार बंद केलं होतं आणि दीडशेच्या आयात फळाला उघडं ठेवलं होतं.

ही फळं कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांतून, वायनाड आणि निलगिरीच्या डोंगरांतून, कोडाईकनालच्या उतारांवरून येतात. कॉफीला सावली म्हणून लावलेली झाडं, बरीचशी बीपासून उगवलेली. कन्नडमध्ये याला बेण्णे हण्णु म्हणतात, म्हणजे लोणीफळच, आणि बेंगळुरूच्या ज्यूसच्या दुकानांत दूध-साखर घालून घोटलेला 'बटर फ्रूट ज्यूस' टोस्टवाल्या अ‍ॅव्होकाडोच्या खूप आधीपासून आहे. आपल्याकडच्या शहरी लोकांनी तो शब्द सोडून इंग्रजी नाव धरलं आणि त्याबरोबर भावही धरला, असं माझं मत आहे. बीचं झाड म्हणजे प्रत्येक झाडाचं फळ वेगळं, रायवळ आंब्यासारखं. एक लोण्यासारखं, दुसरं पाणचट, तिसऱ्यात दोऱ्या. तमिळनाडूतल्या तडियनकुडिसैच्या संशोधन केंद्राचं टीकेडी-१ किंवा कोडगूच्या चेट्टळ्ळीत निवडून काढलेली वाणं अशी नावाची झाडंही आहेत, पण हातगाडीवर फळाला जात सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

पिकल्याची खूण : रंग नाही, बोट. मानेशी हलकेच दाब दिला की थोडं दबतं, सालीची चमक जाते, आणि बऱ्याच फळांत कानाशी धरून हलवलं की बी आत खुळखुळते.

त्या दिवशीचं फळ ४२० ग्रॅमचं होतं, ८४ रुपयांचं. पाचव्या संध्याकाळी कापलं. बी ७५, साल ४५, गर ३००. शंभर ग्रॅम गर २८ रुपयांना. वहिनींनी आकडा दोनदा तपासला.

चवीबद्दल खोटं बोलणार नाही. लेकीनं टोस्टवर लावून पहिला घास घेतला आणि म्हणाली, "काका, हे ओलं आहे." खरंच ओलं होतं. या फळांत तेल हासपेक्षा सहसा कमी, पाणी जास्त, आणि एक मंद गोडवा असतो. टोस्टवर ते पसरतं आणि पाव भिजवतं. शेकमध्ये मात्र ते हासला हरवतं. आजींनी तर त्याची कोशिंबीर केली : गर जाडसर कुस्करून मीठ, लिंबू, मिरची, कोथिंबीर, आणि वरून हिंग-जिऱ्याची फोडणी, पण निववून. गरम फोडणीत हा गर कडवट होतो, हे त्या पहिल्या वाटीतच शिकल्या होत्या. दादांनी, ज्यांचा 'आणायचंच नाही' हा ठराव मार्चमध्ये फेटाळला गेला होता, त्या कोशिंबिरीची दुसरी वाटी मागितली.

पाणचट फळ टाळायचं कसं, याचं पक्कं सूत्र माझ्याकडे नाही. आम्ही फळवाल्याला सांगितलं, चांगलं निघालं तर त्याच खेपेतली पुढची चार ठेव. एका झाडाचं फळ बहुधा एकाच क्रेटमध्ये येतं, म्हणून हे चालतं. त्यानं दोनदा ठेवली, तिसऱ्यांदा विसरला.

ऑगस्टचं पान

ऑगस्टमध्ये वहिनींच्या वहीत अ‍ॅव्होकाडोच्या दोन ओळी होत्या. बटर फ्रूट ६ नग, ५०४ रुपये. पेटीतलं हास ४ नग, ३६० रुपये. एकूण ८६४. एक बटर फ्रूट पावसाच्या दमटपणात देठाकडून गेलं, ते वहिनींनी नव्यानं आखलेल्या 'टाकलं' या रकान्यात लिहिलं. बाकीचा गर मिळून जवळपास दोन किलो भरला, शंभर ग्रॅमला साधारण ४३ रुपये. फेब्रुवारीत २,०८६ रुपयांत सव्वा किलोही पोटात गेला नव्हता.

काम आता वाटून गेलं आहे. शेक आणि कोशिंबीर बटर फ्रूटची. टोस्ट हासचा, तोही आठवड्यातून दोनदा, उरलेल्या दिवशी शेंगदाण्याची चटणी. ही चटणी लेकीनं स्वतःहून आणली, आम्ही सुचवली असती तर चालली नसती. मोठ्या दुकानात वहिनी अजून जातात, पण रात्री नऊनंतर. त्या वेळी दिवसभर दाबली गेलेली, पिकलेली फळं निम्म्या भावात काढतात आणि त्याच रात्री खायचं असेल तर तो सौदा चांगला असतो. दुसऱ्या दिवसासाठी घेतलं तर तो पुन्हा माझ्या ११०० च्या पेटीसारखा.

नगावर भाव असेल तिथे काटा, कडक फळ थोडं-थोडं, पेटी पाच घरांत. इतकं बसलं आहे. बसलेलं नाही ते हिवाळ्याचं. ऑक्टोबरनंतर दक्षिणेकडचं फळ कमी होतं, पूर्व आफ्रिकेचा मोठा बहरही उतरलेला असतो आणि गाळ्यावर पेटीचा भाव चढतो. गेल्या फेब्रुवारीचं पान महाग पडायला तेही एक कारण होतं. पाच घरांपैकी दोन घरं 'दिवाळीनंतर आम्ही नाही' म्हणून आधीच बाहेर पडली आहेत, आणि तीन घरांत बावीस फळं म्हणजे पुन्हा फ्रीझरचे डबे. वहिनी म्हणतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद, तेव्हा पेरू आणि संत्री आहेत. लेक म्हणते आठवड्याला एक, फळवाल्याकडून, तिच्या खिशातून. आजींनी बाल्कनीत ग्लासभर पाण्यात बी उगवायला ठेवली आहे. तिला फळ यायला किती वर्षं लागतील, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, बीचं झाड, सात-आठ तरी. "असू दे," त्या म्हणाल्या आणि ग्लासातलं पाणी बदललं.